आत्याची साक्ष

फुटबॉलमधल्या बचावपटू नावाच्या प्राण्याबद्दल मला काडीचं कौतुक नव्हतं. गोल मारतो त्याचे हार-तुरे, गोल अडवतो त्या गोलकीपरचे फोटो, आणि या दोघांच्या मधे जो लाथा खात धडपडत असतो त्याचं नाव कोणाला ठाऊक असतं? सगळा सामना त्याने चोख काम केलं तर कोणी विचारत नाही, एकदा पाय घसरला की सारं गाव त्याच्या नावाने शिमगा करतं. हे मला निखिलनेच सांगितलं, तो स्वतः बचावपटू. त्यावर आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हंजे आमच्यासारखंच की रे. वर्षभर वरण नीट झालं तर कोणी बोलत नाही, एक दिवस मीठ जास्त पडू दे, मग बघ." निखिल इतका हसला की हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून आत्या आणि भाचा एका पक्षात गेले आणि मी विरोधी पक्षात.

निखिल हा पद्मावतीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, सख्ख्या भावाचा, अविनाशचा मुलगा. अविनाश आमच्याकडे राहून डॉक्टर झाला, हिमायतनगरच्या याच घरातून इंग्लंडला गेला आणि तिथलाच झाला. पोरगं तिथेच जन्मलं, वाढलं. सोळाव्या वर्षी एका मोठ्या क्लबाने त्याला उचललं आणि शाळा सुटली. अविनाश फोनवर रडला होता. डॉक्टरचा मुलगा चेंडूमागे पळणार, लोक काय म्हणतील! एकोणिसाव्या वर्षी त्या मोठ्या क्लबाने हस्तांदोलन करून त्याला वाटेला लावलं. मग तिसरा विभाग, मग चौथा. मधेमधे एका क्लबाने दुसऱ्याला त्याला उसना द्यायचा, शेजारीण वाटीभर साखर देते तसा. चिखल, थंडी, प्रेक्षकांतून रंगावरून शिव्या. एका वर्षी तर शेवटच्या सामन्यात चेंडू याच्याच पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला आणि अख्खा संघ खालच्या विभागात घसरला. त्या गावात म्हणे अजून त्याची आठवण काढतात, पण कोणत्या शब्दांत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अविनाश वारला त्यानंतर दोन वर्षांनी निखिल इथल्या एका क्लबात खेळायला आला. वय चौतीस, उजवा गुडघा कधीचा कामातून गेलेला. क्लब त्याला हॉटेलात ठेवत होता, पण आत्याने ऐकलं नाही. "सख्खा भाचा असताना हॉटेलात? मी मेले काय?" वरची खोली रंगवून घेतली, एवढ्या मोठ्या देहाला पुरेल असा पलंग सुलतान बाजारातून आणवला. पोरगं मोडकं मराठी बोलायचं. 'त' त्याला यायचा नाही, म्हणून मी 'आटोबा' आणि ही 'आट्या'. तिला त्या आट्येचं इतकं कौतुक, की विचारू नका.

क्लबाने त्याला एक शब्द दिला होता. हा हंगाम नीट पार पाड, मग उन्हाळ्यापासून आमच्या शाळकरी मुलांना शिकव. निखिलसाठी तो शब्द म्हणजे सगळं काही होतं. एकदा जिन्यात बसून मला म्हणाला, "आटोबा, मला दुसरं काही येत नाही. खरंच काहीच नाही. मी सोळाव्या वर्षापासून फक्त मैदान बघितलं. मैदान गेलं तर मी सकाळी उठून कुठे जाऊ?" मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, उत्तर नसलेला प्रश्न मला कोणी विचारलेला आवडत नाही. मी त्याला म्हटलं, आधी गुडघ्याला बर्फ लाव.

डिसेंबरात तो गुडघा भोपळ्यासारखा सुजला. क्लबाचा डॉक्टर म्हणाला विश्रांती घे, पण विश्रांती घेतली असती तर जानेवारीत, खेळाडू बदलायची मुभा असते तेव्हा, त्याच्या जागी दुसरा परदेशी खेळाडू आला असता. आणि औषधाच्या बाबतीत पोरगं महाकर्मठ. उत्तेजक द्रव्यांची तपासणी कधीही होते, म्हणून तापाची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. पद्मावतीने काढा केला, नक्को. लेप केला, नक्को. कोणी तेल दिलं, त्याचं लेबल वाचत बसला आणि परत केलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"मग लाडू तरी खाशील का रे? डिंकाचे. थंडीत आमच्याकडे करतात. त्यात काय विष घालायलेय मी?"

"काय काय असतं त्यात, आट्या?" त्याने नीट विचारलं.

"डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी, गूळ, तूप. झालं."

यादी ऐकून त्याने मान डोलावली. खाणं ते खाणं.

ती यादी पूर्ण नव्हती. सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत एक वैद्य बसतो. त्याच्या सांधेदुखीच्या पुड्या पद्मावती किती वर्षं घेते आहे. तिचे गुडघे त्यावरच चालतात अशी तिची श्रद्धा. मी त्या पुडीला राख म्हणायचो, त्यामुळे ती माझ्यापासून लपवून घ्यायची. तीच पुडी तिने लाडवांच्या पिठात मळली. स्वतः रोज खाते ते भाच्याला दिलं, यात लपवण्यासारखं काय, असा तिचा हिशेब. फक्त पोराला औषध म्हटलं की भीती वाटते, म्हणून सांगितलं नाही. लहान मुलाला केळ्यात गोळी घालून देतात, त्यातलाच प्रकार.

आणि गुडघा उतरला! आठवड्याभरात पोरगं जिना धावत चढायला लागलं. एका सकाळी दोन लाडू एकदम तोंडात कोंबून म्हणालं, "आट्या, लाडवात काय घातलंस? माझा गुडघा वीस वर्षांचा झाला!"

ती म्हणाली, "खा गुपचूप. विचारू नये."

दोघं हसले, मीही हसलो. गंमतच होती ती. पण पद्मावतीला आयुष्यात मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक तेच. भाजीवालीला सांगितलं, चिक्कडपल्लीच्या बहिणीला फोनवर सांगितलं, भजनी मंडळाला तर निखिलच्या उच्चारांसकट करून दाखवलं, 'लाडवाट काय घाटलंस'. हिमायतनगरात ते वाक्य ऐकलं नाही असा माणूस उरला नाही. रोज ऐकून ऐकून माझ्या कानांना ते पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं.

जानेवारीत एका सामन्यानंतर त्याची तपासणी झाली. काही दिवसांनी कळवण्यात आलं की नमुन्यात स्टेरॉईड सापडलं आहे.

त्या दुपारी निखिल दिवाणखान्यात फरशीवर बसला होता आणि त्याच्याभोवती त्याचं सगळं सामान पसरलेलं. टूथपेस्ट, शाम्पू, दाढीचा फेस, प्रोटीनचा डबा, च्युइंगमसुद्धा. एकेक उचलून लेबल वाचत होता. वाचून झालं की पहिल्यापासून पुन्हा. एवढा आडदांड माणूस, शाम्पूच्या बाटलीवरची बारीक अक्षरं डोळ्यांशी नेऊन वाचताना मला बघवेना.

"आटोबा, काहीतरी असणार. मी काही घेतलं नाही. आय स्वेअर, मी काहीच घेतलं नाही."

पद्मावती दारात उभी होती. तिने मला हळूच विचारलं, "अहो, ते स्टेरॉईड म्हंजे काय असतं?"

"सूज उतरवणारं, दुखणं दाबणारं औषध," मी म्हणालो. "भोंदू लोक पुड्यांत मिसळतात ना..."

पुढे मला बोलता आलं नाही, कारण ती आत निघून गेली होती. डब्यांचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती. ती तिने निखिलसमोर फरशीवर ठेवली, शाम्पूच्या शेजारी.

"हे असंल का बघ रे बाबा. मी लाडवात घातलं होतं."

मी संतापाने उभा राहिलो. काय बोललो ते सांगत नाही, शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. निखिल चेंडू घेऊन गच्चीवर गेला आणि टाकीच्या भिंतीवर मारत राहिला. धप्, धप्, धप्. ती जिन्याच्या पायरीवर पदर तोंडाशी धरून बसून होती. प्रत्येक आवाजाला तिचे खांदे हलत होते.

संध्याकाळी तो खाली आला तो वेगळाच होऊन. घामाने निथळत तिच्यासमोर उकिडवा बसला. "आट्या, हे वाईट नाही. हे चांगलं आहे. आता आपल्याला माहीत आहे कुठून आलं. तू सांगितलंस तर ते ऐकतील."

तेजश्री नावाची वकील मुलगी त्याने लावली, अशा प्रकरणांतली माहीतगार. तिने डब्यात उरलेले लाडू आणि पुडी प्रयोगशाळेत पाठवली. दोन्हींत तेच निघालं. तेजश्रीने निखिलला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, नियम कडक आहेत, पोटात गेलं ती जबाबदारी खेळाडूचीच. पण त्याला ठाऊक नव्हतं आणि शंका यायला काही कारणही नव्हतं, एवढं पटलं तर काही महिन्यांवर निभावेल. उन्हाळ्याच्या शेवटाला तो मुलांना शिकवायला उभा राहू शकेल. नाही पटलं तर दोन वर्षं. त्या दोन वर्षांत खेळणं नाही, संघाबरोबर सराव नाही, शिकवणंसुद्धा नाही. आणि क्लब काही दोन वर्षं जागा अडवून बसणार नव्हता.

"सगळं काकूंच्या साक्षीवर आहे," ती म्हणाली आणि आत येऊन हिच्यासमोर बसली. "काकू, विचारतील तेवढंच सांगायचं. थोडक्यात."

थोडक्यात! माझ्या बायकोने आयुष्यात कोणतीही गोष्ट थोडक्यात सांगितलेली नाही. दूध नासलं हे सांगायलासुद्धा ती गवळ्याच्या लग्नापासून सुरुवात करते. पण तिने जिवाचा आटापिटा केला. मी रोज समोर बसून प्रश्न विचारायचो आणि ती शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून उत्तरं द्यायची. पुडी कोणी घातली? मी. त्याला सांगितलं होतं? नाही. का नाही? त्याने घेतलं नसतं म्हणून. उत्तरं पाठ झाली. देवापुढे बसली की ओठ हलताना दिसायचे. मला वाटलं स्तोत्र म्हणते आहे, जवळ गेलो तर "मी घातलं, त्याला माहीत नव्हतं."

त्याच दिवसांत आम्ही तिला खऱ्या डॉक्टरकडे नेलं. तिचा चेहरा गोल झाला होता, त्याला आम्ही इतकी वर्षं तब्येत सुधारली म्हणत होतो. डॉक्टरांनी पुड्या हळूहळू बंद करवल्या आणि तिचे गुडघे पुन्हा ठणकू लागले. देवघरात खाली बसणं सुटलं. त्याबद्दल तिने एकदाही तक्रार केली नाही.

सुनावणी लॅपटॉपवर होती. जेवणाच्या टेबलावरचा मेणकापडाचा तुकडा काढला. पद्मावती ठेवणीतली नारायणपेठ नेसून बसली, शेजारी निखिल, पलीकडे मी. पडद्यावर समितीचे तिघे आणि एका चौकटीत तेजश्री. आधी प्रयोगशाळेचं झालं, मग निखिलचं. तो चांगला बोलला. मग हिची पाळी. पुडी कुणी घातली, कुठून आणली, सांगितलं का नाही, सगळी उत्तरं तिने पाठ केल्याप्रमाणे दिली, एकही शब्द जास्त नाही. तेजश्री हलकेच हसली. निखिलने टेबलाखाली आत्याचा हात धरला. मला वाटलं, जमलं. पोरगं वाचलं.

तेवढ्यात समितीचे प्रमुख, एक वयस्क गृहस्थ, चष्मा काढून अगदी मायेने म्हणाले, "अम्मा, आप घबराइए मत. भतीजे से बहुत प्यार है आपको?"

आडवे प्रश्न विचारले असते तर ती टिकली असती. त्यासाठी आम्ही तिला तयार केलंच होतं. या प्रश्नाचं उत्तर तिच्या पाठांतरात नव्हतं. तिचे डोळे भरले आणि इतके दिवस दाबून धरलेली पद्मावती बाहेर आली.

"प्यार? साहब, मेरे भाई की निशानी है वो. पाँव सूज के कित्ता परेशान था बच्चा! मैं लड्डू खिलाई तो चार दिन में दौड़ने लगा. कित्ता खुश हुआ मालूम? बोला, आत्या, लड्डू में क्या डाली तू, मेरा घुटना बीस साल का हो गया! मैं बोली, खा चुपचाप, पूछते नै."

आणि ती हसली. डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर तो अभिमान. हे ऐकून कोण पाघळणार नाही, असं तिला मनापासून वाटत होतं.

तेजश्रीच्या चौकटीत तेजश्री हलेनाशी झाली. दुसऱ्या एका सदस्यांनी पुढे झुकून इंग्रजीत विचारलं, "मिस्टर निखिल, तुम्ही असं म्हणाला होतात?"

मी त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हण, मी मनात ओरडत होतो. नाही म्हण गाढवा, कोण तपासायला येणार आहे!

निखिलने आत्याकडे बघितलं. नाही म्हटलं असतं तर ती खोटी पडली असती, आणि मग तिची सगळीच साक्ष खोटी.

"हो," तो म्हणाला. "ती गंमत होती."

"म्हणजे लाडू खाल्ल्यावर गुडघ्यात फरक पडला, हे तुमच्या लक्षात आलं होतं. त्यात काय आहे, हे तुम्ही विचारलं. उत्तर मिळालं नाही. त्यानंतर तुम्ही काय केलंत?"

निखिलने टेबलाखाली धरलेला आत्याचा हात तसाच ठेवला.

"आणखी एक खाल्ला," निखिल म्हणाला.

सुनावणी संपल्यावर पद्मावतीने लॅपटॉपला नमस्कार केला. "बरं झालं ना रे? तो म्हातारा लई भला माणूस होता," असं म्हणत गुडघे धरत ती चहा टाकायला उठली. मी तिच्यामागे जायला निघालो. तिला चांगलं सुनवायचंच होतं. निखिलने माझं मनगट पकडलं. माणसं अडवण्यात हयात गेलेल्याचा हात तो, सुटतो कशाचा.

निकाल लागला. पूर्ण दोन वर्षं. क्लबाने सभ्य भाषेत शुभेच्छा दिल्या आणि मुलांना शिकवायला दुसरा माणूस घेतला. तेजश्रीने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, त्या एका वाक्याने घात केला.

निखिलने आत्याला काय सांगितलं असेल? म्हणाला, "आट्या, चार वर्षं होणार होती. तू बोललीस म्हणून दोन झाली."

तिने पदराने डोळे पुसले. "खरंच रे?"

"खरंच."

गच्चीवर मी त्याला गाठलं. रागाने माझा आवाज फाटला होता. "सांग तिला! तुझं मैदान गेलं, सकाळी उठून जायला जागा राहिली नाही, आणि ती गावभर मिरवणार की भाच्याला मी सोडवलं?"

तो टाकीला टेकून बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. एकदम त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायला लागला. इतका मोठा माणूस इतक्या लहान आवाजात रडताना मी पाहिला नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या मॅचमध्ये, आटोबा," थोड्या वेळाने तो म्हणाला, "आमच्याच जाळ्यात गेला तो चेंडू मी अडवायलाच गेलो होतो. पाय नसता घातला तर कदाचित बाहेर गेला असता. मी घातला. नंतर वर्षभर त्या गावात माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. दुकानातला माणूस सुटे पैसे काउंटरवर ठेवायचा, हातात द्यायचा नाही." त्याने नाक पुसलं. "ते आट्याला नको."

मी त्याच्या गुडघ्यावरून घसरलेली बर्फाची पिशवी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

परवा भजनी मंडळातल्या पल्लवीबाई आल्या होत्या. निखिल खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होता. हल्ली तो तसाच बसतो, सकाळचा दुपारपर्यंत. पद्मावतीने सुनावणीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, त्या भल्या म्हाताऱ्यासकट. आणि अर्थातच तिथपर्यंत आली.

"अगं, ते ऐकल्यावरच तर ते विरघळले की! निखिल, तूच सांग रे मावशींना. लाडू खाऊन काय म्हणाला होतास?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. निखिलने खिडकीकडून मान वळवली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती, आधीच हसत.

"आट्या," तो म्हणाला, अगदी त्या दिवशीच्या सुरात, "लाडवाट काय घाटलंस? माझा गुडघा वीस वर्षांचा झाला."

दोघी खळखळून हसल्या. तोही हसला. मग त्याने पाय सरळ करून गुडघ्यावरची बर्फाची पिशवी नीट लावली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.